जूनचा लाँग वीकेंड, पावसाचा अंदाज आणि ग्रेट ओशन रोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत मेलबर्नला आलात, जूनच्या लाँग वीकेंडला चौघं मित्रमैत्रिणी भाड्याच्या गाडीने ग्रेट ओशन रोडला, म्हणजे मेलबर्नच्या नैर्ऋत्येकडच्या समुद्रालगतच्या रस्त्याला, निघालात आणि आता तिन्ही दिवस पावसाचा अंदाज दिसतोय. एकाचं म्हणणं रद्द करू, दुसऱ्याचं म्हणणं शनिवारी एका दिवसात उरकून घेऊ. एकीला घाटात गाडी लागते, एक जण शाकाहारी. माझं मत: नक्की जा, पण एका दिवसात उरकायला जाऊ नका.

आधी तो अंदाज नीट वाचा. ‘९० टक्के शक्यता’ दिसली की आपल्या पोटात गोळा येतो. शेजारी मिलिमीटरचा आकडा असतो, तो बघायचा. ९० टक्के आणि २ ते ५ मिमी असेल तर पाऊस नक्की येणार, पण चार सरी पडून मोकळा होणार. मेलबर्नला वर्षभरात साधारण साडेसहाशे मिमी पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. ताम्हिणीला मुद्दाम भिजायला जाणाऱ्यांनी २ मिमीला घाबरू नये. प्रश्न आहे तो थंडीचा आणि वाऱ्याचा. हिवाळ्यात दक्षिण महासागरावरून थंड हवेचे पट्टे एकामागून एक येतात. आधी उत्तरेचा वारा सुटतो, मग तो फिरून नैर्ऋत्येचा होतो आणि पारा झरझर उतरतो. दिवसाचं कमाल तापमान १२-१३ अंश आणि त्यात आडवा पाऊस. छत्री घरीच ठेवा, पहिल्याच व्ह्यूपॉइंटवर ती उलटी होईल. टोपीचं रेनजॅकेट, पावसाळी पँट, आत थर्मल आणि प्रत्येकी निदान दोन जास्तीचे मोजे. बाकी कपडे ओले झाले तर चालतं, पण मोजे ओले राहिले की माणूस संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर खेकसत बसतो.

पावसापेक्षा मोठी अडचण उजेडाची आहे. जूनमध्ये साडेसातला उजाडतं आणि पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. किनाऱ्याच्या रस्त्याने ट्वेल्व्ह अपॉसल्सला, म्हणजे समुद्रातल्या त्या प्रसिद्ध खडकाच्या सुळक्यांना, पोचायला कुठेही न थांबता साडेचार-पाच तास लागतात. वाटेत लॉर्नला कॉफी, मेमोरियल आर्चखाली फोटो, कोआला दिसला म्हणून थांबणं, असं करत तिथे तीन वाजता पोचाल, तासभर बघाल आणि अंधारात, ओल्या रस्त्याने तीन तास परत याल. नेमकी तीच कांगारूंची वेळ. तो आडवा आला तर सरळ रेषेत ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग वळवायचं नाही. त्याला चुकवताना गाडी झाडावर जाते, आणि ते जास्त वाईट. शिवाय भाड्याच्या गाडीचा करार उघडून बघा: रात्री प्राण्याला दिलेली धडक, कच्चा रस्ता, पुराच्या पाण्यात घातलेली गाडी, यांतलं काही ना काही विम्यातून वगळलेलं असू शकतं. दुसरा कुणी गाडी चालवणार असेल तर त्याचं नावही करारात घालून घ्या.

म्हणून दोन रात्रींचा बेत करा, आणि तोही उलटा. शनिवारी सकाळी जिलाँगवरून प्रिन्सेस हायवेने कोलॅक, तिथून सिम्पसनमार्गे पोर्ट कॅम्पबेल. हा आतला रस्ता बराच सरळ आहे, दोन्ही बाजूंना दुभत्या गाईंची हिरवीगार कुरणं आहेत आणि तीन तासांत तुम्ही अपॉसल्सच्या दारात असता. गाडी लागणाऱ्या मैत्रिणीसाठीही हेच बरं. तिला पुढच्या सीटवर बसवा आणि आवळासुपारी द्या. वळणांचा रस्ता परतीला येईल. परत येताना तुम्ही समुद्राच्या नाही, डोंगराच्या बाजूच्या लेनमध्ये असाल. व्ह्यूपॉइंटला वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते हे खरं, पण नवख्या चालकाला ओल्या रस्त्यावर डोंगराची कड जास्त सोयीची वाटते. मागे गाड्यांची रांग लागली तर हळू गाड्यांसाठी डावीकडे जागा ठेवलेल्या असतात. तिथे बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

पोर्ट कॅम्पबेलला राहिलात की पावसाशी सौदा करता येतो. अपॉसल्स दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, म्हणजे सर थांबली की निघायचं. सरींच्या मधल्या उघडिपीत तिथला उजेड जो दिसतो तो जानेवारीच्या भर दुपारी दिसत नाही, आणि लाटाही हिवाळ्यात जास्त उसळतात. बारा सुळके मोजायला जाऊ नका, ते बारा कधीच नव्हते. त्यातलाही एक जुलै २००५ मध्ये कोसळला. हा चुनखडीचा ठिसूळ किनारा आहे. जवळच्या लंडन ब्रिज नावाच्या खडकाची जमिनीला जोडणारी कमान १५ जानेवारी १९९० रोजी पडली, तेव्हा पलीकडे गेलेले दोन पर्यटक तिथेच अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. म्हणून सांगतो, फोटोसाठी कठड्यापलीकडे पाय टाकणारा मित्र प्रत्येक गटात एक असतोच, त्याच्यावर लक्ष ठेवा. गिब्सन स्टेप्सच्या पायऱ्या लाटा किंवा दरडीमुळे कधी कधी बंद असतात, पाटी बघूनच उतरा.

वेळ कमी पडला तर अपॉसल्सला अर्धा तास द्या, पण लॉक आर्ड गॉर्ज चुकवू नका. १ जून १८७८ च्या पहाटे लॉक आर्ड हे जहाज धुक्यात इथल्या बेटाजवळ खडकावर आपटलं. जहाजावरच्या ५४ जणांपैकी दोघं वाचली: टॉम पीअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कारमायकल ही आयरिश मुलगी, दोघंही विशीच्या आतली. टॉम वाहत या खाचेत आला, तिचा आवाज ऐकून पुन्हा पाण्यात शिरला, तिला काठावर आणलं आणि मग कडा चढून मदत मिळवली. वर्तमानपत्रांनी दोघांचं लग्न मनातल्या मनात लावूनही टाकलं होतं, पण ईव्हा आयर्लंडला परत गेली. जूनच्याच पावसात त्या चिंचोळ्या वाळूवर उभं राहिलं की पाणी किती गार असेल याचा अंदाज येतो.

रविवारी आभाळ बघून ठरवा. जोर कमी असेल तर पश्चिमेला वॉर्नमबूलपर्यंत जाऊन या. लोगन्स बीचला जून ते सप्टेंबरमध्ये सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे किनाऱ्याजवळ येतात. जूनच्या सुरुवातीला दिसतीलच असं नाही, पण तिथे बांधलेल्या बघायच्या फलाटावर उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत. त्यापुढचं टॉवर हिल हे जुन्या ज्वालामुखीचं विवर आहे, आत एमू मोकळे फिरतात. ‘एवढं आलोच आहोत तर माउंट गॅम्बियरचा ब्लू लेक’ असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. हिवाळ्यात तो करडा असतो, निळा होतो उन्हाळ्याच्या तोंडावर. शिवाय ते साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात आहे, आणि त्या हद्दीत फळं न्यायला बंदी आहे.

जोर जास्त असेल तर पोर्ट कॅम्पबेल आणि अपोलो बेच्या मधलं ऑटवेचं जंगल. इथे मात्र पाऊस हवाच. लेव्हर्स हिलच्या आसपासचा पट्टा व्हिक्टोरियातल्या सर्वांत ओल्या भागांपैकी आहे. पुरुषभर उंचीचे नेचे, शेवाळलेले बुंधे आणि ट्रिपलेट किंवा होपटन फॉल्सला भरपूर पाणी. कोरड्या फेब्रुवारीत हेच धबधबे बारीक झालेले असतात. अट एकच: वारा सुटला असेल तर जंगलात शिरू नका आणि निलगिरीच्या झाडाखाली गाडी लावू नका, फांद्या न सांगता पडतात. दुसरी रात्र अपोलो बे.

गाडीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. चार भिजलेली माणसं गाडीत बसली की दोन मिनिटांत काचा धुरकट होतात आणि चालक हाताने काच पुसत वळणं घेत बसतो. हवा गरम करा पण एसीही चालूच ठेवा, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. काच लगेच साफ होते. दिवे दिवसाही लावा. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर मागे फिरा, ‘जाईल रे’ नाही. छोट्या गाडीला तरंगवायला १५ सेंटिमीटर पाणी पुरतं. निघण्याआधी विकट्रॅफिक (रस्त्यांची स्थिती) आणि विकइमर्जन्सी (आपत्तीचे इशारे) या सरकारी साइट बघा, कारण हा रस्ता डोंगर पोखरून काढलाय. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ मध्ये बांधला, आणि आजही मोठ्या पावसात दरडी येतात. २०१५ च्या नाताळात वाय रिव्हरजवळ वणवा पेटला, उतारावरची झाडं गेली आणि पुढच्या वर्षीच्या पावसात रस्ता बंद पडला. ‘लाँग वीकेंडला दुप्पट डिमेरिट पॉइंट’ (वाहतुकीचा नियम मोडल्यावर लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) हा व्हॉट्सॲपवरचा निरोप न्यू साउथ वेल्ससाठी आहे, व्हिक्टोरियात तसं नाही. पोलीस मात्र ठिकठिकाणी उभे असतात.

जेवणाचं आधी ठरवा. गावातल्या पबचं स्वयंपाकघर आठच्या सुमारास बंद होतं आणि शाकाहारी मित्राच्या वाट्याला चिप्स आणि पिझ्झा येतो. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा सोबत असू द्या. मोटेलमध्ये कुकर लावून खिचडी करा, पण वर मिरच्या-लसणाची फोडणी नको. धुराचा अलार्म वाजून अग्निशामक दल आलं तर त्या फेरीचं बिल पाहुण्याच्या माथी बसू शकतं.

सोमवारी अपोलो बेहून नऊपर्यंत निघा, लॉर्नला थांबा, एर्स्किन फॉल्स बघा आणि दुपारी दोनच्या आत टॉर्की ओलांडा. त्यानंतर सगळं मेलबर्न एकदमच परतत असतं आणि वेस्टगेट पुलाआधी गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात.

शुक्रवारी संध्याकाळी वादळी वाऱ्याचा किंवा पुराचा अधिकृत इशारा आलाच, तर किनारा सोडून बॅलरॅटला जा. दीड तासाचं हायवेचं अंतर. सोव्हरिन हिलला १८५० च्या दशकातलं सोन्याच्या खाणींचं गाव उभारलंय, जमिनीखालच्या खाणीत पाऊस लागत नाही. तिथे मेलबर्नपेक्षा दोन-तीन अंश जास्त गारठा असतो. बेत असा ऐनवेळी बदलू शकतो, तेव्हा मोटेल आजच विचारा, आणि विनामूल्य रद्द करता येणारी खोलीच घ्या.