बाळाचं वजन वाढतंय, तरी एनआयसीयूत ‘पोषणाचा धोका जास्त’ असं का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय, की बाळ ३० व्या आठवड्यात जन्मलं, वजन १२०० ग्रॅम होतं, मध्ये रक्तात जंतुसंसर्ग झाला. आता तिसरा आठवडा चालू आहे, परवा एका रात्रीत ७० ग्रॅम वाढले आणि तरीही फाइलवर ‘पोषणाचा धोका जास्त’ असा शेरा आहे. मी नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) आहारतज्ज्ञ आहे, असे शेरे रोज लिहिते, म्हणून उत्तर देतेय. तुमचं बाळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे उपचारांबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

आधी ते ७० ग्रॅम. एवढंसं बाळ एका रात्रीत इतकं भरत नाही. जन्माचं वजन परत गाठल्यावर दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम ही चांगली वाढ, म्हणजे तुमच्या बाळाला १८ ते २४ ग्रॅम. वरचं बहुधा पाणी. जंतुसंसर्गात बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, वरून सलाइन चालू असतं, पापण्या आणि पावलं सुजतात. कधी सलाइनच्या हाताला बांधलेली पट्टीही वजनात धरली जाते. म्हणून आजारी बाळाच्या नुसत्या वजनावर माझा भरवसा नसतो. सुजेने लांबी वाढत नाही! ती आणि डोक्याचा घेर आठवड्याला साधारण १ सेंटीमीटर वाढायला हवा. (घेर एकदम भराभर वाढला तर आनंद मानायचा नाही, त्याची तपासणी वेगळी.) लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून सरकती पट्टी तळव्यांना लावायची. एकट्याने टेप लावून घेतलेला आकडा मी हिशेबात धरत नाही.

धोक्याचं गणित मात्र मोजमापाच्या आधीच सुरू होतं. कॅल्शियम, फॉस्फरस, लोह यांचा बहुतेक साठा गर्भात शेवटच्या तीन महिन्यांत होतो. लवकर आलेलं बाळ तो न घेताच येतं. २८ आठवड्यांच्या आत जन्म, १००० ग्रॅमच्या खाली वजन, आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार किंवा आतड्यावर शस्त्रक्रिया, यातलं काहीही असलं की आम्ही धोका जास्तच धरतो. तुमचं बाळ सुरुवातीला मधल्या गटात बसलं असतं. जंतुसंसर्गाने त्याला वर ढकललं असावं, कारण अशा आजारात दूध बंद राहतं.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लिहून दिलेलं दूध आणि खरोखर पोटात गेलेलं दूध यांतला फरक. समजा किलोमागे १६० मिलीची ऑर्डर आहे. १२०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाचे १९२ मिली, दर दोन तासांनी १६. नुसत्या आईच्या दुधातून किलोमागे साधारण १०७ कॅलरी मिळतात, आणि अशा बाळाची गरज ११५ ते १४० ची. त्यात पोट फुगलं म्हणून एक फीड थांबवलं, सोनोग्राफीसाठी दुसरं चुकलं, की दिवसाचे उरले १६० मिली आणि किलोमागे ८९ कॅलरी. पंपाने दूध सावकाश सोडत असतील तर त्यातली चरबी नळीला आणि सिरिंजला चिकटून राहते, तेवढी ऊर्जा आणखी गेली. म्हणून पंपावरच्या सिरिंजचं तोंड वरच्या बाजूला ठेवतात, चरबी वर तरंगते आणि आधी आत जाते. राउंडला ऑर्डर वाचली जाते. मी नर्सच्या तक्त्यावरचे चोवीस तासांचे मिली जुळवत बसते.

मग वाढीचा आलेख. अकाली जन्मलेल्या बाळांसाठी बऱ्याच ठिकाणी फेंटनचा तक्ता वापरतात. त्यावर बाळ कुठल्या रेषेवर आहे यापेक्षा ते स्वतःच्या जागेवरून किती घसरलं ते आम्ही बघतो. वजनाचा झेड स्कोअर (तेवढ्याच आठवड्यांच्या बाळांच्या सरासरीपासून बाळ किती दूर आहे, तो आकडा) ०.८ पेक्षा जास्त खाली आला तर कुपोषणाची सुरुवात, १.२ च्या पुढे मध्यम, २ च्या पुढे गंभीर. पहिल्या दोन आठवड्यांत हा निकष लावत नाहीत, कारण तेव्हा वजन उतरतंच. जन्माचं वजन परत यायला १५ दिवसांहून जास्त लागले तर तीही खूण.

रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं म्हणून घाबरू नका. संसर्गात ते तसंही उतरतं, त्यावरून पोषण कळत नाही. फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तातलं एक विकर) मात्र बघण्यासारखे, त्यावरून हाडांचा अंदाज येतो.

आता विचारायचं काय? काल प्रत्यक्ष किती मिली गेलं, त्यातून किलोमागे किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळाली (३.५ ते ४ ग्रॅम हवीत), सूज धरून वजन किती खरं मानायचं, आणि आईच्या दुधात फोर्टिफायर (दुधात मिसळायचं प्रथिनं-खनिजांचं पूरक) कधी सुरू करणार. फोर्टिफायर सुचवलं तर आईचं दूध पातळ आहे असा अर्थ काढू नका. एवढ्या लहान पोटात मावेल तेवढ्या दुधातून हाडं घडवायची असतात, तेवढी खनिजं कुठल्याच आईच्या दुधात नसतात. तिला दूध काढत राहायला सांगा.