राजीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : लोटे एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात ११ वर्षं आहे. आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आता म्हणतात, राजीनामा द्या, ६०,००० घ्या आणि ठेकेदाराकडे नव्याने लागा. बाहेरची माणसं आत, आम्हाला नारळ! वर, शिफ्ट इन्चार्जला कामगार कायदा लागू नाही म्हणे. बेसिक-डीए २६,००० आहे.
– एक वाचक, खेड

उत्तर : सही करू नका, बाकी सगळं नंतर. कंपनीने काढलं तर ती कामगार कपात, भरपाई द्यावी लागते. तुम्ही ‘स्वेच्छेने’ सोडलं की भरपाई गेली. दडपणाखाली सही केली हे सिद्ध करताना नाकीनऊ येतात.

आता इन्चार्जचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, देखरेखीचं काम करून महिना १८,००० च्या वर घेणारा ‘कामगार’ धरत नाहीत. कंपनी त्यावरच बोट ठेवतेय. पण कोर्ट हुद्दा नाही, मुख्य काम बघतं. रिअ‍ॅक्टरचे व्हॉल्व्ह तुम्हीच फिरवता? तापमान लॉगशीटवर तुम्हीच लिहिता? पोरांची रजा तुम्ही मंजूर करता, की प्लांट मॅनेजर? तुमच्या सहीच्या लॉगशीट कुठल्या तारखांच्या, ते घरच्या वहीत टिपून ठेवा. कोर्टामार्फत त्या मागवता येतात. मोबाईलवर फोटो काढू नका. तेवढ्यावरून कंपनीची चार्जशीट, म्हणजे शिस्तभंगाचं आरोपपत्र, हातात पडते.

विलीनीकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने झालं असेल, तर मंजूर योजनेतलं कर्मचाऱ्यांविषयीचं कलम वाचा. सेवा अखंड, अटी पूर्वीपेक्षा कमी नाहीत, असं त्यात बहुधा असतं. तसं असेल तर ‘नव्याने लागा’ म्हणायची सोयच उरत नाही.

तरीही काढलंच, तर कामगार ठरल्यास महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, म्हणजे महिना ३० दिवसांचा धरून सुमारे १,४३,०००. ग्रॅच्युइटी वेगळी : २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११, म्हणजे १,६५,०००. ती तर राजीनामा दिला तरी मिळते, कामगार असा वा अधिकारी. ६०,००० त ती गुंडाळली नाही ना, एवढं विचारून बघा. चेहरे बघण्यासारखे होतील.

आजच ईमेल करा : ‘मी राजीनामा देत नाही, कामावर हजर आहे.’ गेटवर अडवलं तर तारीख-वेळ घालून पुन्हा ईमेल. काढून टाकलं तर रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात समेटासाठी अर्ज द्या. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. जाताना नेमणूकपत्र, पगारपत्रकं आणि पीएफचं पासबुक सोबत ठेवा.