पत्नीची पीजीची तयारी आणि आधार कार्डावरचे नाव

नमस्कार. आपली पत्नी येत्या काही आठवड्यांत इंटर्नशिप पूर्ण करणार आहे, पाठोपाठ पदवीदान आणि मग नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आहे, आपण स्वतः वैद्यकीय क्षेत्रातले नाही आणि लग्नाला सहा महिने होऊन गेल्यामुळे घरची मंडळी आधार कार्डावरचे नाव बदलून घ्या म्हणून मागे लागली आहेत. अशा वेळी नवऱ्याने नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. 2024 साली मी अगदी याच जागी उभा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे माझ्या शब्दापेक्षा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेवर जास्त भरवसा ठेवावा.

स्वयंपाक, धुणीभांडी, पाहुणे आणि सणवार यांचा भार तिच्यावर पडू द्यायचा नाही, हे आपल्याला ठाऊक असणारच. कोणत्या नोट्स वाचायच्या आणि सरावप्रश्नांची कोणती क्यू-बँक सोडवायची यात आपण पडूच नये. मी थेट नावाच्या प्रश्नाकडे येतो, कारण आमचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले आणि ते माझ्यामुळे झाले.

आमचे लग्न तिच्या इंटर्नशिपच्या काळात झाले. तिसऱ्याच आठवड्यात मी हौसेने तिचे आधार आणि पॅन दोन्ही नव्या नावाने करून घेतले. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि लग्नानंतर त्या जागी नवऱ्याचे येते, म्हणजे आडनावासकट तीनपैकी दोन शब्द बदलतात. दहावीच्या गुणपत्रिकेपासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिकांपर्यंत आणि इंटर्नशिपपूर्वीच्या तात्पुरत्या वैद्यकीय नोंदणीपर्यंत तिचे प्रत्येक कागदपत्र माहेरच्या नावाने होते, आणि मी मात्र ओळखीचे दोन मुख्य पुरावे त्या सगळ्यांपासून तोडून टाकले. आधारवरचे नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते, हे मला त्या वेळी माहीतही नव्हते. तिने तेव्हाच विचारले होते की हे पीजीनंतर केले तर चालणार नाही का. मी तिचे ऐकले नाही.

परीक्षा 23 जून 2024 रोजी सकाळी होती. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच पुण्यात केंद्राजवळच्या लॉजवर उतरलो होतो. रात्री दहाच्या सुमारास परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली. तिने त्या रात्री पुस्तक मिटले आणि दोन दिवस कोणाशी फारशी बोलली नाही. नवी तारीख 5 जुलैला जाहीर झाली, म्हणजे मधले जवळजवळ दोन आठवडे कोणालाच काही सांगता येत नव्हते. या रिकाम्या वाटणाऱ्या दिवसांत मी जे केले त्याची खंत मला अजून आहे. इंटर्नशिप पूर्ण झाली होती, पुढच्या नोंदणीचे काम बाकी होते, परीक्षाही लांबली होती. तेव्हा हे काम आत्ताच उरकून टाकू, असे मी ठरवले आणि तिला एका कार्यालयात घेऊन गेलो. त्याचे नाव मी लिहिणार नाही. एका कामासाठी आम्ही तिथे सहा वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी तिची हजेरी लागते असे सांगितले गेले. पहिल्या टेबलावर राजपत्रातील नावबदलाची प्रत मागितली, दुसऱ्यावर प्रतिज्ञापत्र पुरेल असे सांगितले, आणि प्रतिज्ञापत्र करून नेल्यावर आधी विद्यापीठाकडून सगळ्या गुणपत्रिका नव्या नावाने करून आणा, असे ऐकवले. दोनदा तर सही करणारे अधिकारी जागेवर नव्हते आणि ते कधी येतील हे कोणी सांगेना. सहाव्या खेपेला ज्या कागदावर काम झाले तो विवाह नोंदणीचा दाखला होता, आणि तो पहिल्या दिवसापासून आमच्या फायलीत होता.

हे सहा दिवस मोजून सहाच नव्हते. सकाळी अकरापर्यंत तिथे पोहोचायचे, बाकावर बसून राहायचे, संध्याकाळी थकून घरी यायचे आणि उद्या पुन्हा जायचे आहे या काळजीत रात्र घालवायची, यात तिची शेवटची उजळणी पूर्ण विस्कटली. एकोणीस विषयांची उजळणी एका ठरावीक क्रमाने चाललेली असते आणि मध्ये आठवडा तुटला की आधी वाचलेलेही हातून निसटू लागते, हे ती मला समजावून सांगत होती आणि मी मात्र आता एकच खेप राहिली आहे असे म्हणत होतो. त्या कार्यालयाचा राग मला आहेच. पण तिला त्या बाकावर नेऊन बसवणारा मी होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पीजीचा प्रवेश निश्चित होईपर्यंत, आणि शक्य असेल तर पीजीची पदवी हाती येईपर्यंत, कोणत्याही कागदावरचे नाव बदलू नये. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही. घरच्यांना वाईट वाटत असेल तर ते बोलणे आपण ऐकून घ्यावे, तिच्यापर्यंत जाऊ देऊ नये. विवाह नोंदणी मात्र लगेच करून घ्यावी आणि त्या दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती जवळ ठेवाव्यात. आपण आधीच नाव बदलून बसला असाल तर घाबरू नका, पण प्रवेशपत्रावरचे नाव आणि केंद्रावर दाखवायच्या मूळ ओळखपत्रावरचे नाव जुळले पाहिजे आणि लग्नामुळे फरक पडला असेल तर त्याचा पुरावा त्या दिवशी सोबत हवा, हे लक्षात ठेवा. माहेरच्या नावाचा पासपोर्ट किंवा वाहन परवाना शिल्लक असेल तर तोच न्यावा. आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकलो. कोणत्याही कार्यालयाने कागद नाकारला तर त्रुटी लेखी मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी उत्तर टेबलागणिक बदलते, लेखी उत्तर देताना माणूस नियम पाहतो.

पदवीदानाविषयी आपण विचारले आहे की अभ्यासाचा दिवस मोडून जावे की नाही. माझ्या मते जरूर जावे आणि तिच्या आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवावे. आमच्या वेळी मंचावरून तिचे नाव पुकारले गेले ते तिच्या वडिलांच्या नावासह. साडेपाच वर्षे त्या माणसाने शेती सांभाळून तिची फी, मेस आणि पुस्तके भागवली होती, आणि स्वतःचे नाव ऐकताना त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नाव बदलण्याची एवढी घाई मी कशासाठी केली, हे मला तिथे बसल्या बसल्या उमगले.

परीक्षा अखेर 11 ऑगस्टला दोन सत्रांत झाली आणि तिला दुपारी साडेतीनचे सत्र मिळाले. हे कळल्यापासून आम्ही सराव परीक्षाही दुपारीच ठेवल्या, कारण जेवणानंतर साडेतीन तास डोके चालू ठेवण्याची सवय वेगळी लागते. त्या वर्षीपासून 200 प्रश्न प्रत्येकी 40 च्या पाच भागांत विभागले गेले, प्रत्येक भागाला 42 मिनिटे मिळाली आणि वेळ संपल्यावर मागे जाता येईना. या सरावात आपण एक काम करू शकता. त्या वेळात दारावरची बेल, फोन आणि शेजारी, तिन्ही आपल्याकडे घ्यावेत. या जीटीचे, म्हणजे पूर्ण सराव परीक्षेचे, गुण मात्र विचारू नयेत. मी दर रविवारी विचारत असे आणि तिने नंतर सांगितले की शनिवारपासूनच तिला त्या प्रश्नाची धास्ती वाटायची.

इंटर्नशिपच्या सुट्यांवर आपण स्वतः लक्ष ठेवा. लग्न, आजारपण आणि अभ्यासासाठी घेतलेल्या जादा रजा शेवटी भरून द्याव्या लागतात, आणि इंटर्नशिप पूर्ण करण्याची अंतिम तारीख दरवर्षी वेगळी जाहीर होते. 2024 साली ती 15 ऑगस्ट होती, 2025 साली 31 जुलै. प्रवर्ग लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरचे प्रमाणपत्रही आत्ताच पाहून ठेवा. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले लागते आणि राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रक्रियेसाठी राज्याच्या नमुन्यातले. ते तिच्या आईवडिलांच्या स्थितीवरून ठरते, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही. कोणी आपल्या पगाराचा दाखला मागितला तर वाद न घालता नियमाचा उल्लेख असलेला अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

तिला शेवटी राज्याच्या प्रक्रियेतून भूलशास्त्राची जागा मिळाली. तिच्या मनात मेडिसिन होते. तिने मला कधी दोष दिला नाही, म्हणूनच मी ते विसरू शकत नाही.

शेवटच्या महिन्यात आपण रजा घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर असे आहे की परीक्षेच्या आठवड्यात दोन दिवस पुरतात. उरलेली रजा निकालानंतरच्या प्रवेशफेऱ्यांसाठी राखून ठेवा, कारण तेव्हा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या गावी मूळ कागदपत्रांसह हजर राहावे लागते. आमच्या वेळी निकाल ऑगस्टमध्ये लागूनही अखिल भारतीय कोट्याची पहिली फेरी नोव्हेंबरपर्यंत लांबली होती, आणि माझी रजा तोवर त्या कार्यालयाच्या खेपांतच संपून गेली होती.