मोबाइलवर टिचकी कशी मारणार?

प्रश्न असा आला आहे: ज्येष्ठ नागरिक संघासाठी मोबाइलची माहितीपुस्तिका करतो आहोत, त्यात 'क्लिक करा'ऐवजी सगळीकडे 'टिचकी मारा' लिहिलं तर चालेल का?

संगणकापुरतं चालेल. मोबाइलसाठी नको, आणि त्याचं कारण जितकं भाषेत आहे तितकंच यंत्रातही आहे.

टिचकी म्हणजे अंगठ्याला अडवून धरलेलं बोट झटकन सोडणं. बाहीवरची मुंगी आपण टिचकीने उडवतो. माऊसचं बटण दाबताना बोट असलं काही करत नाही, पण 'टिच्' असा आवाज मात्र येतो, आणि इंग्रजीतला क्लिकही आवाजावरूनच आलेला. ज्याने कोणी 'टिचकी' सुचवली त्याचा कान चांगला होता. ('मूषक' मात्र बिचारा गणपतीपाशीच राहिला.)

शेजारच्या काकूंना फोन शिकवताना मी सहज म्हणालो, "त्या हिरव्या चौकोनावर टिचकी मारा." त्यांनी मारली. खरीखुरी, नखाने, तीनदा. "अरे, काहीच होत नाहीये!" होणारच नव्हतं. हल्लीच्या फोनचा पडदा बोटाच्या कातडीमुळे विद्युतभारात पडणारा फरक ओळखतो. कोरडं नख त्याच्या लेखी नसल्यासारखंच. दाबावर चालणाऱ्या जुन्या पडद्यांना नखही चालायचं, पेनाचं टोपणही.

म्हणून 'दाबा' हे क्रियापद त्या जुन्या पडद्यांचं. आजच्या फोनसाठी ते लिहिलंत तर वाचणारा जोर लावतो, बोट रेंगाळतं, फोनला वाटतं दाबून धरलंय, आणि भलताच मेनू उघडतो. मी 'बोट टेकवा' लिहीन.

यंत्राशी बोलायची रीत बदलली की क्रियापद बदलतं. १९८१ साली आलेल्या डॉसच्या (विंडोजच्या आधी संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या) काळ्या पडद्यावर चित्रंबित्रं नव्हती. आज्ञा टाइप करायची आणि एंटर मारायचा. एक अक्षर चुकलं की 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' (आज्ञा किंवा फायलीचं नाव चुकीचं) असं तोंडावर उत्तर. तिथे 'आज्ञा' हा शब्द चपखल बसतो, फक्त त्या पाठ असाव्या लागतात. ज्याला पाठ आहेत तो शंभर फायलींची नावं एका ओळीत बदलतो, म्हणून सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारे मोठे संगणक, सांभाळणारी मंडळी आजही तीच रीत धरून आहेत.

डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाने माऊस जाहीरपणे दाखवला ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. सामान्य माणसाच्या टेबलावर तो आला ॲपलचा मॅकिंटॉश संगणक (१९८४) आणि मग विंडोज यांच्यामुळे. आता पाठ करायला नको, चित्र ओळखलं की झालं. ही युक्ती आपल्याला अनोळखी नव्हती. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वाचता न येणाऱ्या मतदारासाठी निशाण्याच होत्या. 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का' या घोषणेतला 'मारा शिक्का' मतदान यंत्र आल्यावर 'बटण दाबा' झाला. यमक गेलं, पण कुठल्याही समितीला विचारावं लागलं नाही.

बोलून चालणाऱ्या फोनला आज्ञा देऊ नये, 'सांगा' किंवा 'विचारा' म्हणावं. हात कणकेत असताना ही सोय मोठी. बँकेचा पिन मात्र असा मोठ्याने सांगू नये, हे पुस्तिकेत ठळक टाइपात टाका.

बाकी शब्द लोकांनी आधीच करून ठेवलेत: 'वर सरकवा', 'दाबून धरा', 'ओढून आणा'. एकच अडचण उरते. फोनच्या मराठीत 'टॅप करा' असं लिहिलेलं असतं. तेव्हा पहिल्याच पानावर एकदा 'बोट टेकवा, म्हणजे फोनवर दिसतं ते टॅप करा' असं द्या. काकूंना मी शेवटी "कुंकू लावतो तसं हलकेच" म्हणून सांगितलं, आणि चौकोन उघडला.