बाटलीवरचे ०.३ टक्के इथे चालत नाहीत

प्रश्न : मी गिरगावात राहते. आईच्या गुडघ्यांसाठी भावाने अमेरिकेहून हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या) सीबीडी तेलाची ३० मिलीची बाटली पाठवली. कस्टम्सने पार्सल अडवले असून मला हजर राहण्याचे पत्र आले आहे. तिकडे हे दुकानात मिळते, मग माझा गुन्हा काय?

उत्तर : ताई, आधी भावाकडून बाटलीच्या लेबलचा फोटो मागवा. 'आयसोलेट' असेल तर त्यात नुसते सीबीडी, म्हणजे झाडातले नशा न आणणारे द्रव्य. 'ब्रॉड स्पेक्ट्रम'मध्ये झाडातले बाकीचे घटक ठेवून टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, काढलेले असते. 'फुल स्पेक्ट्रम'मध्ये ते थोडे राहतेच, आणि खरी अडचण तिथे आहे.

अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला मोकळीक दिली. आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा टक्के मोजत नाही. तो फुलोऱ्याला गांजा म्हणतो, राळेला चरस, आणि यांपैकी कशाचेही मिश्रण त्यातच धरतो. "यात टीएचसी जेमतेम ९० मिलिग्रॅम" हा बचावही तोकडा पडतो, कारण हिरा सिंग प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचे एकूण वजन धरायला सांगितले. तेलाला चरस धरले, तर त्याची 'अल्प मात्रा', म्हणजे कमी शिक्षेची हद्द, १०० ग्रॅमपर्यंत आहे. तुमची बाटली तिच्या आत बसते, पण अशा चार बाटल्या असत्या तर मी एवढ्या निवांतपणे लिहिले नसते. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. आयसोलेट निघाले तर बाजू बरीच भक्कम, तरी प्रयोगशाळेचा अहवाल मागावाच लागेल.

लेबलवर नुसते 'हेम्प सीड ऑइल' असेल तर गोष्टच वेगळी. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बियांच्या तेलाला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिली आहे. बियांत सीबीडी नावालाच असते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्याचा उपयोग होईल असे मला वाटत नाही.

पत्रावर कलम कोणते आहे ते पाहा. एनडीपीएसच्या कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्याला दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तोफान सिंग निकालाने २०२० मध्येच ठरवले. कस्टम्स कायद्याच्या कलम १०८ खाली कस्टम्स अधिकाऱ्याला दिलेला जबाब मात्र पुरावा म्हणून गळ्यात पडू शकतो. म्हणून एकट्या जाऊ नका, वकील सोबत न्या. भावाशी झालेले मेसेज आणि आईची डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. भावाला आजच फोन करून सांगा, दुसरी बाटली पाठवू नकोस.