मैदानावरचा प्राध्यापक

प्रश्न : अणुविखंडनाची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया शिकागोत एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या नावाच्या मैदानावर घडवली गेली, असे वाचनात आले. हे गृहस्थ कोण? आमच्याकडे तालमीतल्या वस्तादांना मान असतो, पण शाळेत पीटीच्या सरांना बाकीचे शिक्षक आपल्या पंगतीला धरत नाहीत. तिकडे एका खेळाडूला एवढा मान कसा मिळाला?
– एक क्रीडाशिक्षक, खानापूर

उत्तर : ते अमोस अलोन्झो स्टॅग. त्यांचा जन्म 1862 साली न्यू जर्सीत झाला. धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने ते येल विद्यापीठात गेले आणि तिथे बेसबॉलचे नामांकित गोलंदाज झाले. फुटबॉलमध्येही (म्हणजे बेळगावच्या मैदानांवर खेळला जातो तो नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ) 1889 च्या पहिल्या अखिल अमेरिकन संघात त्यांची निवड झाली. पुढे मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला शिकवत असताना, 1892 मध्ये झालेल्या बास्केटबॉलच्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना 5-1 असे हरवले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा होता.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र त्याच वर्षीच्या एका नेमणुकीत आहे. येलमध्ये स्टॅग यांना शिकवलेले विल्यम रेनी हार्पर नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी या शिष्याला शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख म्हणून, प्राध्यापकवर्गातील कायम पद देऊन बोलावले. हंगामापुरता प्रशिक्षक आणायचा आणि हंगाम संपला की त्याला निरोप द्यायचा, अशी रीत तेव्हा सर्रास होती. टॅकलिंगच्या (प्रतिस्पर्ध्याला पकडून खाली पाडण्याच्या) सरावासाठी पुतळा वापरण्यासारख्या कितीतरी गोष्टींचे श्रेय स्टॅग यांना दिले जाते, पण माझ्या मते त्या सगळ्यांपेक्षा ही नेमणूक मोठी. कारण मान मागून मिळाला नाही, तो पदाबरोबर आला. अर्थात पदाला कर्तृत्वाचीही जोड होती : सलग 56 सामने न हरलेल्या मिशिगन विद्यापीठाच्या संघाला त्यांच्या संघाने 1905 मध्ये 2-0 असे नमवले, आणि 1913 मध्ये विद्यापीठाच्या मैदानाला त्यांचेच नाव देण्यात आले.

त्याच विद्यापीठाने सत्तरी गाठताच त्यांना निवृत्त केले आणि 1939 मध्ये फुटबॉल संघच बंद करून टाकला. त्यामुळे ओस पडलेल्या प्रेक्षक-सज्जाखालच्या स्क्वॉशच्या कोर्टात 2 डिसेंबर 1942 रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या चमूने ग्रॅफाइटच्या विटा रचून अणुभट्टी चालवली. या प्रयोगाशी स्टॅग यांचा संबंध एवढाच, नावापुरता.

ते स्वतः तोपर्यंत कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये मुलांना घडवत होते. तिथे 1943 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा सन्मान मिळाला. नंतर पेनसिल्व्हेनियात त्यांनी आपल्या मुलाच्या जोडीने काही वर्षे प्रशिक्षण दिले. 1965 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी, ते वारले.