अंश म्हणजे मार्क नव्हेत

"मॅडम, हे माझ्यामुळेच झालं ना?"

पाठीच्या कण्याला बाक आलेली शाळकरी मुलं डॉक्टर माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवतात ती बहुधा ब्रेस (कण्याला बाहेरून आधार देणारा, पट्ट्यांनी आवळायचा साचा) घालत नाहीत म्हणून. पण ब्रेसबद्दल बोलता बोलता हा प्रश्न आज ना उद्या येतोच. कुणाला वाटतं दप्तर एकाच खांद्याला अडकवल्यामुळे झालं, कुणाला वाटतं लोळत मोबाईल बघितल्यामुळे. घरच्यांनीही तेच ऐकवलेलं असतं.

उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. या वयात दिसणाऱ्या बहुतेक स्कोलिओसिसचं, म्हणजे कण्याच्या या बाकाचं, नेमकं कारण वैद्यकशास्त्राला सापडलेलं नाही. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, एवढं कळलं आहे. दप्तराने किंवा बसण्याच्या ढबीने तो होत नाही. पोक काढून बसणं ही निराळी गोष्ट. मनात आणलं तर ती पाठ सरळ होते. स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वळतो आणि थोडा पिळलाही जातो. म्हणून मूल पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. "सरळ बस" म्हणून ओरडल्याने तो सरळ होत नाही.

सायली (नाव बदललं आहे) नववीत होती. ब्रेस 18 तास घालायला सांगितला होता, ती जेमतेम रात्री घालायची, तोही पट्टे सैल करून. नव्या एक्स-रेत बाकाच्या कोनाचा आकडा 26 अंशांवरून 29 वर गेला आणि तिने खो-खो सोडला.

"29 म्हणजे पुढे काय होईल असं वाटतं?"

"वाढत वाढत 90. मग जमिनीकडे बघत चालायचं."

"आणि हे तीन अंश कशाने वाढले?"

"चाचणीच्या वेळी पलंगावर बसून अभ्यास केला. आई टेबलावर बस म्हणत होती."

आई शेजारीच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

अशा वेळी धीर द्यायला एक तयार उदाहरण आहे: उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे, हे त्यानेच सांगितलं आहे. मी ते वापरत नाही. "तो बोल्ट आहे" म्हणून मूल आणखी मिटतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. घडलं त्यापेक्षा घडल्याचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, असं ती मानते. मग त्या अर्थालाच पुरावा मागायचा. पुढच्या वेळी सायलीला म्हटलं, एक्स-रे आण आणि कंपासपेटीही.

फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली, वर बटरपेपर लावला. डॉक्टर बाकाचा कोन मोजतात ती कॉब या अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांची रीत 1948 सालची आहे, आणि नववीच्या भूमितीत बसणारी आहे. बाकातला वरचा सर्वांत तिरका मणका घ्यायचा, त्याच्या वरच्या कडेने रेषा. खालचा सर्वांत तिरका घ्यायचा, त्याच्या खालच्या कडेने रेषा. दोन रेषांमधला कोन म्हणजे तो आकडा. रेषा फिल्मच्या पार बाहेर जाऊन मिळत होत्या, तेव्हा सायलीने न विचारता दोन्हींवर लंब टाकले. कोनमापक लावला: 27. आईंनी मोजला: 31. मी मोजला: 28.

"फोटो एकच आणि उत्तरं तीन?"

"तज्ज्ञांच्या मोजणीतही पाचेक अंशांचा फरक पडतो. म्हणून त्याहून कमी फरकाला डॉक्टर सहसा वाढ म्हणत नाहीत."

ती पुन्हा फिल्मपाशी गेली, मणक्यांच्या कडा बोटाने तपासल्या. मग आईकडे वळून म्हणाली, "म्हणजे पलंगाचे तीन मार्क कापलेच नव्हते!"

मार्क! सगळी गाठ इथे होती. एक्स-रे तिच्या लेखी प्रगतिपुस्तक होतं, आणि ब्रेस म्हणजे नापास झाल्याची शिक्षा. शिक्षा कोण मनापासून भोगेल? कितीतरी मुलांचा 'हट्ट' मी याच जागी सुटताना पाहिला आहे. माणसाला गुण देऊ नयेत, हे एलिस यांचं सांगणं मला अशा वेळी नव्याने पटतं.

त्यानंतरच ब्रेसची माहिती तिच्या कानात शिरली. अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेस घालणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढीचं वय संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, न घालणाऱ्यांपैकी 48 टक्क्यांचा. जितके तास जास्त, तितका उपयोग जास्त. दोन्ही आकडे मी तिच्यापुढे ठेवले. अर्धंच सांगितलं तर उरलेलं मुलं गूगलवर शोधतात, आणि भलतंच शोधतात. ब्रेस कणा सरळ करायला नसतो, बाक वाढू नये म्हणून असतो, हेही सांगितलं.

तासांचं वेळापत्रक तिने स्वतः आखलं. खो-खोच्या वेळी ब्रेस बाजूला, डॉक्टरांना विचारूनच. आईंनी दर तासाला विचारणं थांबवायचं, ही अटही तिचीच. आजीला नातीच्या लग्नाची आणि बाळंतपणाची काळजी होती. एवढ्या बाकाने त्यात काही अडत नाही, हे त्यांना एकदा डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं.

पालकांनी आकड्याइतकंच वयाकडे बघावं. वाढत्या वयात साधारण 25 ते 40 अंशांना ब्रेस सुचवतात. वाढ संपताना बाक 30 च्या आत असेल तर तो बहुधा तिथेच राहतो. ऑपरेशनचा विषय सहसा 50 च्या आसपास निघतो. रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही दिसलं तर समुपदेशकाकडे नको, तडक डॉक्टरांकडे.

पुढच्या तपासणीला सायली वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून गेली. पहिला होता, "माझी वाढ किती उरली आहे?" डॉक्टरांनी तिला एक्स-रेमधलं कमरेचं हाड दाखवून ते कसं ओळखतात ते समजावलं. आकडा तिने तिसऱ्या प्रश्नात विचारला.